माझ्या नावापुढचे आकडे

१४ एप्रिल २०२५

९८/६२.

मेडिकलवाल्या फहीमनं दंडाला पट्टा दोनदा बांधला. पहिल्यांदा मशीन चुकलं असंल म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदाही तेच. म्हणाला, काका, फार कमी होऊन राह्यलंय. मी म्हणलं, जास्त आलं तरी तुमचं तोंड वाकडं, कमी आलं तरी वाकडं — तुम्हाला पाहिजे तरी किती? तो हसला. मी न्हाई हसलो.

कंपनीला सुट्टी होती. मेडिकलच्या बाकावरच बसून राह्यलो. घरी जायची काही घाई न्हाई. मिरवणुकीला चाललेली पोरं निळे फेटे बांधून समोरून जात होती. एकानं थंड पाण्याचा पाऊच हातात दिला. घेतला. पिला.

रमाला जाऊन त्रेचाळीस दिवस झाले. मुद्दाम मोजले न्हाईत. बायको गेल्यावर माणूस मोजतो म्हणतात. मी दिवसभर गोदामात पोतीच मोजत असतो, घरी आल्यावरही तेच चालू राहतं.

१५ एप्रिल

परवा न्हाणीत चक्कर येऊन पडलो ते केदारला सांगितलं नव्हतं. पण व्हिडिओ कॉलवर सुजलेलं कोपर स्वराला दिसलं. सूनबाईची नजर घारीची! मंग काय, केदारनं पुण्यातूनच फर्मान काढलं. रोज मेडिकलवर बीपी बघायचं, रोज आकडा त्याला पाठवायचा. पाच जूनला तो येणार. तोपर्यंत आकडे ठिकाणावर आले तर मी इथं राहायचं. न्हाई आले तर घराला कुलूप, नोकरीचा राजीनामा, आणि मी त्यांच्याकडं अकराव्या मजल्यावर.

"बाबा, आई अशी गेली. तुमचं मी तसं होऊ देणार नाही," म्हणाला. पोरगं रडत होतं. मी बराबर आहे म्हणलं आणि फोन ठेवला.

नोकरीचं एक वर्ष राह्यलंय. पण त्यासाठी न्हाई. घरात तिच्या आठवणी आहेत म्हणून म्हणावं तर तसंही न्हाई, आठवणी येतच न्हाईत मला. पुण्यात गेलो तर सकाळी उठून कुठं जायचं ते कळायचं न्हाई. इथं कळतं. एमआयडीसी, मेडिकल, घर. मला इथून हलायचं न्हाई. एवढी एकच गोष्ट सध्या मला बिलकुल पक्की माहीत आहे.

१७ एप्रिल

९६/६०. खिचडी केली. मीठ टाकायचं विसरलो, मंग आठवलं की मला चालतच न्हाई.

१९ एप्रिल

१००/६४. शंभर गाठले! केदारला लगेच पाठवलं. त्याला ते कमीच वाटलं. निरोप आला — उद्या परत बघा.

मेडिकल फहीमचं म्हणतो आम्ही, पण आहे त्याच्या अब्बांचं, फकरोद्दीनभाईंचं. माझा त्यांचा परिचय तीस वर्षांचा. आधी बीपी तेच बघायचे. पाऱ्याचं जुनं यंत्र, कानात नळ्या, डोळे मिटलेले. अट एकच, आधी बाकावर पाच मिनिटं गप बसायचं. आमच्या मस्तगड मोहल्ल्यातल्या माणसाला पाच मिनिटं गप बसवणं म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. मंग वहीत लिहायचे. एकेका घराला एक पान, वर घरच्या मालकाचं नाव. बबलू टेलर, कल्याणशेठ, मी. जानेवारीत पायरीवरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून मंठ्याला आहेत, मुलीकडं. रमा गेली तेव्हा त्यांनी फोन केल्ता. त्यांना बोलताच येईना. मीच म्हणलं, चालायचंच भाई. काय माणूस आहे मी!

मला बीपी आहे हे त्या वहीतूनच कळलं. दसऱ्यानंतर कंपनीतून येताना सहज बाकावर बसायला लागलो. संध्याकाळी बहुतेक फहीम असायचा, एखाद्या वेळी भाई. महिन्याभरानं फहीम म्हणाला, काका, तुमच्या पानावरचे आकडे लई वर-खाली होऊन राह्यलेत, डॉक्टरला दाखवा. पानाचा फोटो काढून माझ्या मोबाईलवर टाकला. मी तो तसाच भागवत डॉक्टरांपुढं धरला. त्यांनी बोटानं वर सरकवत बघितलं. मधेच एकशे सत्तर, मधेच एकशे शहात्तर. त्यांच्या यंत्रात एकशे अठ्ठेचाळीस आलं. मी जिना चढून गेल्तो, धाप लागलेली होती. पण डॉक्टर म्हणाले, हे असं वर-खाली होणंच वाईट. गोळी सुरू. जानेवारीत परत तोच प्रकार, परत फोटो, दुसरी गोळी.

रमा रोज सकाळी गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. गिळली का बघायला तोंड उघडून दाखवायला लावायची, लहान पोरासारखं. माझी भाजी वेगळी, बिनमिठाची. स्वतः माझ्यासमोर बसून ठेचा खायची आणि वरून म्हणायची, घरात एकानं पथ्य पाळलं की बास, दोघांनी कशाला तोंड वाईट करून घ्यायचं!

२० एप्रिल

९६/६२. बाकावर बबलू टेलर होता. लसूण खा म्हणाला. मी म्हणलं, अरे माझं कमी आहे. तर म्हणाला, मंग लसूण खाऊ नका.

२३ एप्रिल

९४/६०. कपाट आवरायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. तिच्या बाजूला बामच्या सात डब्या निघाल्या. चार रिकाम्या. रिकामी डबी कशाला ठेवायची? पण ती टाकायची न्हाई काहीच.

हिवाळाभर तिचं डोकं दुखायचं. सकाळी कपाळाला फडकं बांधून पोळ्या लाटायची. मी म्हणायचो चहा कमी कर, मोबाईल कमी बघ. कंपनीतून येताना डबी आणून द्यायचो. आपण काळजी घेतो असं वाटायचं मला.

दोन मार्चला रविवार होता. भांडी घासता घासता ओट्याला धरून खाली बसली. म्हणाली, अहो, मानेत काहीतरी झालं. मंग बोलणं तोतरं व्हायला लागलं. शेजारच्यांच्या गाडीत घालून नेलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, यांना बीपीचा त्रास होता का? मी ठाम सांगितलं — न्हाई. बीपी मला आहे. हिला काही न्हाई. तिनं यंत्राकडं बघितलं. दोनशे वीस. डोक्यात रक्तस्राव झालाय म्हणाली. काही जणांना आधी कळतच नाही, म्हणाली. संध्याकाळी सहाला सगळं संपलं.

तिथं रडलो न्हाई. स्मशानात न्हाई. दहाव्याला कावळा लगेच शिवला, लोक म्हणाले सुटली बाई. तेव्हाही न्हाई. केदार माझ्याकडं बघत होता. त्याला वाटत असंल बाप दगड आहे. मलाही तेच वाटतंय. सगळं ऐकू येतं, दिसतं, आत काही पोचत न्हाई.

२४ एप्रिल

९४/६०. केदारला १२६/८२ पाठवलं. अंगठा आला.

३० एप्रिल

रोज खोटं पाठवून राह्यलो. एक दिवस १२४, एक दिवस १२८, म्हणजे खरं वाटावं. कंपनीत लॉट नंबरात एक आकडा इकडचा तिकडं झाला तर मी भरलेली गाडी उभी करतो. पावतीवर तीनदा बोट फिरवल्याशिवाय सही करत न्हाई. लोक मागून शिव्या देतात. आणि इथं पोटच्या पोराला! पण काय करू, त्यानं अटच तशी घातली.

उठताना भिंत धरावी लागते. आज गरम कढई हातानं उतरवली. चटका बसल्याचं मागाहून कळलं, फोड दिसल्यावर.

६ मे

व्हायचं तेच झालं. कपाशी बियाण्याचा सीझन, चार गाड्या लागलेल्या, ऊन मी म्हणत होतं. पाकिटांची खोकी मोजता मोजता माझ्या डोळ्यापुढं पांढरं झालं. उठलो तेव्हा डोकं कडूबाच्या मांडीवर आणि हमालांचं रिंगण भोवती. कडूबा आमचा मुकादम. वीस वर्षं माझ्या शिव्या खाऊन राह्यलाय. तो म्हणाला, साहेब, बारदान्यावानी बसलात की खाली! मंग, वैनी असत्या तर, एवढंच म्हणाला.

माझ्याच मोबाईलवरून त्यानं केदारला फोन लावला. मी नको नको म्हणत होतो. केदार म्हणाला, काल तर १२६ होतं. कडूबा फोन घेऊन तसाच मेडिकलवर गेला आणि फहीमला विचारलं. फहीमनं नवी वही वाचून दाखवली. खरे आकडे, सगळे, एकेक.

संध्याकाळी केदारचा फोन. ओरडंल वाटलं होतं. न्हाई ओरडला. "आई गेली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. आता बोललात ते खोटं," म्हणाला. यापुढं मशीनचा फोटो पाठवायचा. पाच जूनची तारीख कायम.

७ मे

भागवत डॉक्टरांकडं ९०/५८. त्यांनी कपाळाला हात लावला. जेवण बरोबर नाही, झोप नाही, दुःख आहे, त्यानं उतरलं असेल म्हणाले. एक गोळी बंद, दुसरी अर्धी.

९ मे

९८/६४. कडूबा रोज सकाळी गाडीवर न्यायला येतो आणि संध्याकाळी मेडिकलसमोर सोडतो. मी सांगितलं न्हाई, त्यानं विचारलं न्हाई. आज म्हणलं, कशाला त्रास घेतो. तर म्हणाला, तुम्ही पडलात तर नवा साहेब येईल, तो शिव्या नवीन देईल, आता कुठं शिकायच्या!

१५ मे

१०८/७०. राह्यलेली अर्धीही कालच्याला बंद झाली. डॉक्टर म्हणाले आठ-नऊ दिवस बिनगोळीचं बघू. काही वाटलं तर जल्दी या. केदारला फोटो पाठवला. अंगठा न्हाई आला. "बघितलं" एवढंच.

आज सकाळी गोळी नव्हती तरी पेला भरून ओट्यावर ठेवला होता. कधी भरला ते आठवत न्हाई.

१९ मे

११८/७६. चक्कर न्हाई. जिना न थांबता चढलो.

२४ मे

१२२/७८. नऊ दिवस झाले, गोळीचा कण पोटात न्हाई.

भागवत डॉक्टरांनी दोन्ही हातांवर बघितलं, बसवून, उभं करून. म्हणाले, तुम्हाला बीपी नाही. मी म्हणलं, बरं झालं का? ते म्हणाले, बीपी असं बरं होत नसतं, मुळात होतं का हाच प्रश्न आहे. तेव्हा घाई झाली हेही कबूल केलं, चारदा स्वतः बघायला पाहिजे होतं म्हणाले. मोठा माणूस. मला म्हणाले, ती जुनी वही एकदा नीट बघा. एवढे मोठे आकडे आले कुठून?

केदारला सगळं सांगितलं. म्हणाला, मग राहा बाबा तुम्ही जालन्यात, मी पाच तारखेला नुसता भेटायला येतो. स्वरा मागून म्हणाली, आंबे घेऊन येतो.

राह्यलो मी इथं. जिंकलो म्हणायचं! आनंद व्हायला पाहिजे होता. कुलूप-किल्ली खुंटीला लावली, हात धुतले, भात टाकला. मीठ टाकलं. खारट लागला, सवय न्हाई.

२६ मे

फहीमनं माळ्यावरून जुनी वही काढली. माझं पान शोधलं. दोघं बघत बसलो.

पानावर दोन हस्ताक्षरं. फहीमचं निळं, बारीक. भाईंचं काळं, जाड, उजवीकडं कललेलं. निळे आकडे सगळे एकशे वीस-बावीस, एखादा तीस. काळे आकडे एकशे सत्तर, एकशे शहात्तर, एकशे ब्याऐंशी. डिसेंबरच्या शेवटी एकशे चौऱ्याऐंशी. एकाच पानावर, एकाखाली एक. काळे जास्त. भाईंनी इतक्यांदा माझं बघितल्याचं मला काही आठवत न्हाई. पण मला आजकाल आठवतंच काय?

फहीमचं तोंड उतरलं. शटरकडं बघत म्हणाला, "काका, अब्बांना ऐकू कमी येतं. दोन वर्षं झाली. आम्ही कुणाला बोललो न्हाई." नळ्यांमधला ठोका बराबर ऐकू आला न्हाई तर आकडा चुकणारच. त्यानं माफी मागितली. हात जोडले.

घरी आलो आणि डोकं फिरलं. बहिऱ्या माणसानं कानात नळ्या घालाव्यात कशाला? लोक विश्वासानं हात पुढं करतात! सहा महिने विष खाल्ल्यासारख्या गोळ्या खाल्ल्या. न्हाणीत पडलो, गाडीपुढं पडलो, पोराशी खोटं बोललो, म्हातारपणी लाज गेली. आणि रमा! तिनं हिवाळाभर डोकं धरून माझ्यासाठी वेगळं रांधलं, कशासाठी? तिचे शेवटचे चार महिने माझ्या पथ्यात गेले, नसलेल्या आजाराच्या पथ्यात. तेवढा वेळ तिला बसायला मिळाला असता. हे मी भाईंना तोंडावर विचारणार. वय बघणार न्हाई, तीस वर्षं बघणार न्हाई.

दोन मार्चपासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. दोन भाकरी खाल्ल्या वर.

२९ मे

१२८/८२. रागानं वाढलं असंल. फहीम म्हणाला, ईदच्या आधी मंगळवारी अब्बा येताहेत. काका, जरा सांभाळून बोला. मी म्हणलं, बघू.

१ जून

काय बोलायचं ते मनात चारदा म्हणून बघितलं. चारही वेळा शेवट शिवीवर गेला.

३ जून

भाई आले. वॉकर धरून, बाकावर येऊन बसले. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एकशे चौऱ्याऐंशीवर बोट ठेवलं. मोठ्यानं विचारलं, भाई, हे माझं कसं लिहिलं तुम्ही?

त्यांनी चष्मा लावला. सावकाश बघितलं.

"ये तुम्हारे कहाँ हैं? ये भाभी के हैं. सुबह तरकारी ले के आती थी, सर दुखता बोल के. भाभी का नाम मैं कैसा पूछता? घर का पन्ना था, उसपेच लिखा."

मंग म्हणाले, दर वेळी तिला सांगितलं, डॉक्टरला दाखवा. ती म्हणायची, गोळ्या चालू आहेत घरात.

रमाच्या गोळ्या मी खाल्ल्या.